‘री’, ‘ले’ आणि शिट्टीकाका

रविवारी सकाळी हुबळीत गदग रोडच्या बाजूला कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा. बावीस पोरं एका चेंडूमागं धावत असतील आणि त्यांच्यामागं पंधरा पावलांवर, त्यांच्या बापांहूनही वयानं मोठे एक गृहस्थ काळी अर्धी चड्डी घालून, पोट सांभाळत येत असतील. ते शिट्टीकाका. हे कुणा एकाचं नाव नव्हे, ही जमात आहे. धारवाडात त्यांना ‘रेफरी सर’ म्हणतात, बेळगावात ‘पंच’, आणि कोल्हापुरात पेठेच्या संघाविरुद्ध निर्णय गेल्यावर काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही. (सरकारनं 2014 साली हुबळीचं ‘हुबळ्ळी’ केलं, तरी आम्ही मराठी माणसं अजून हुबळीच म्हणतो. काकांच्या मते निर्णय अंतिम असतो, पण पुटपुटायला बंदी नाही.)

आमच्या ओळखीचे शिट्टीकाका रेल्वेतले. हुबळी रेल्वेचंच गाव आहे. वर्कशॉप आहे, क्वार्टर्स आहेत, आणि आता 1507 मीटर लांबीचा, जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्मही आहे. काका गार्ड होते. हातात झेंडी, तोंडात शिट्टी, आणि आख्खी गाडी त्यांच्या एका फुंकीवर हलायची. निवृत्तीनंतर पेन्शन सुरू झाली, पण फुंकायला काही उरलं नाही. म्हणून त्यांनी एक शिट्टी विकत घेतली, आणि मग शिट्टी आहे म्हणून मैदान शोधलं. 2022 साली रेल्वेनं ‘गार्ड’ हे नाव काढून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “मॅनेजरनं कधी शिट्टी मारलेली बघितलीय का कुणी?”

पिवळ्या आणि लाल कार्डांची कथा त्यांना मान्य नाही. खरी कथा अशी. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरी क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान रॅटिन याला फार बोलतो म्हणून बाहेर काढलं. याला त्याची भाषा येईना, त्याला याची. रॅटिन म्हणे दुभाषा मागत होता, आणि कितीतरी मिनिटं तो मैदान सोडेना. त्या स्पर्धेतल्या रेफरींची व्यवस्था केन अ‍ॅस्टन या इंग्रज गृहस्थांकडं होती. पुढं गाडी चालवताना त्यांना रस्त्यावरचा सिग्नल दिसला, डोक्यात दिवा पेटला, आणि 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. काका हे सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, “रस्त्यावरचा सिग्नल? चेन्नम्मा सर्कलला कोण पाळतो तो? ही कल्पना रेल्वेचीच. आणि दुभाषा कशाला हवा? आमचं एकेक पोरगं चार भाषांत हरकत घेतं. कन्नड, मराठी, दखनी, आणि पंच अगदीच ऐकेना तर इंग्रजी.”

रेल्वेच्या या अभिमानानं सुरुवातीला एक घोटाळा करून ठेवला. रेल्वेत लालच्या आधी एक पिवळा लागतो, म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं चल. त्याच्याही आधी दोन पिवळे लागतात. ते त्या मानानं सौम्य, नुसतं लक्ष ठेव म्हणणारे. फुटबॉलवाल्यांनी हे उलटं केलं. एक पिवळं म्हणजे ताकीद आणि दुसरं पिवळं म्हणजे सरळ लाल. पहिल्याच सामन्यात काकांनी एका बॅकला दुसरं पिवळं दाखवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आता बरं आहे तुझं. जरा सावकाश खेळ.” समोरच्या संघानं बोंब ठोकली, तेव्हा हरकत घेतल्याबद्दल त्यांच्या कप्तानाला एक पिवळं मिळालं.

आता काका नियमांचं पुस्तक बाळगतात. सतरा नियम आहेत. पाचवा सांगतो की खेळात काय घडलं याबाबत रेफरीचा निर्णय अंतिम. बारावा सांगतो की शब्दानं किंवा कृतीनं निषेध केला तर पिवळं, आणि शिवीगाळ केली तर लाल. हे नियम ज्यांनी लिहिले ते धारवाडच्या लाइन बाजारात पेढे घ्यायला कधी आलेले दिसत नाहीत. आमच्याकडं माणूस बसमध्ये आधी हरकत घेतो, मग तिकीट घेतो. हरकत घेतली नाही तर समोरच्याला वाटतं, याची तब्येत बरी नाही. तेव्हा बारावा नियम जसाच्या तसा लावला तर मध्यंतरापर्यंत मैदानात काका आणि दोन गोलपोस्ट उरतील. आणि एका बाजूला सातापेक्षा कमी खेळाडू राहिले तर सामनाच चालवता येत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे.

म्हणून काकांनी स्वतःचा एक नियम केला. तो पुस्तकात नाही, पण तुंगभद्रेच्या अलीकडं तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वाक्याच्या शेवटी आदराचा कन्नड ‘री’ असेल, तर काहीही बोला, कार्ड नाही. अरेतुरेचा ‘ले’ आला की पिवळं. ‘ले’च्या पुढं कुणी वडीलधारं माणूस आलं की लाल.

गेल्या पावसाळ्यात हा नियम कसाला लागला. शेवटच्या पाच मिनिटांत काकांनी पेनल्टी दिली. अकराच्या अकरा जण भोवती जमले. “नोड्री सर, हात लागलाच नाही की हो!” “सर, चेंडू पाठीला लागला री, पाठीला!” एकानं तर चिखलाचा डाग दाखवायला बनियन वर केली. काका प्रत्येकाचं ऐकत होते, गार्डाच्या डब्यात बसून फुकट्या प्रवाशाची कहाणी ऐकावी तसे. शेवटी एक काटकुळा पोरगा पुढं आला आणि आवाज चढवून म्हणाला, “कण्ण काणंगिल्लेन्री?” म्हणजे, आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही का हो?

मैदान चिडीचूप. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. वाक्य वाईट होतं, पण शेवटी ‘री’ होता.

“मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तम्मा,” काका म्हणाले. “पेनल्टी मात्र आजच.”

‘ले’च्या खटल्यांना जास्त वेळ लागतो, कारण आरोपीचा बचाव ठरलेला असतो: “ले तुम्हाला नाही म्हटलं सर, आमच्या गोलकीपरला म्हटलं.” त्यावर काकांनी ‘नजरेचा पुरावा’ नावाचा प्रकार काढलाय. ‘ले’ म्हणताना पोराचे डोळे ज्याच्याकडं होते, ‘ले’ त्याचा. चेंडूकडं बघून म्हटलेला ‘ले’ माफ.

बाहेरच्या जगातल्या सुधारणाही काका करून बघतात. 2024 च्या युरो स्पर्धेत ठरलं होतं की रेफरीशी फक्त कप्तानानंच बोलायचं. काकांनी हुबळीत विचारलं, “कप्तान कोण?” सात हात वर झाले. खालच्या पातळीवरच्या सामन्यांसाठी निघालेली ‘सिन बिन’ मात्र त्यांना मनापासून पटली. तोंड सुटलं की दहा मिनिटं बाहेर बसायचं. कॅसलरॉकहून खाली जाणारा घाट त्यांनी आयुष्यभर पाहिलेला. अशा घाटात ब्रेक सुटलेल्या गाडीसाठी बाजूला चढाची कॅच सायडिंग असते. गाडी तिकडं वळते, आपोआप थकते, थांबते. काकांची कॅच सायडिंग म्हणजे मिरचीभजीच्या गाड्याजवळचा दगड. तिथं दहा मिनिटं बसलेलं पोरगं परत येतं तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नसतं, तोंडात भजी असते.

बाहेर जाण्यातही आमची तऱ्हा आहे. मन्सूर आणि गंगूबाई या गवयांच्या गावची पोरं, लाल कार्ड मिळालं की विलंबित लयीत निघतात. आधी बुटाची नाडी, मग आभाळाकडं एक कटाक्ष, मग चार पावलं आणि परत मागं वळून बघणं. काका घड्याळ बघत समेची वाट पाहतात.

3 मार्च 2023 ला बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर आयएसएलच्या सामन्यात केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आतच सुनील छेत्रीनं फ्री किक मारली, गोल झाला, रेफरी क्रिस्टल जॉन यांनी तो दिला. केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी संघच बाहेर बोलावला. पुढं क्लबला चार कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. हे टीव्हीवर बघून पुढच्याच रविवारी आमच्याकडंही एक संघ ताठ मानेनं मैदान सोडून गेला. काका जागचे हलले नाहीत. दहाव्या मिनिटाला सगळे परत आले. सामन्याआधी मोबाइल आणि बाइकच्या चाव्या काकांच्या पिशवीत ठेवायची आमच्याकडं पद्धत आहे.

सामन्यानंतर काका टपरीवर बसून रिपोर्ट लिहितात. शिवीगाळीवरून लाल दाखवलं असेल तर उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे असतात. इथं काकांची पंचाईत होते. अक्षर मोत्यासारखं, संस्कार त्याहून जास्त, आणि इंग्रजी सगळी रेल्वेच्या पत्रव्यवहारातली. त्या पेनल्टीच्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं: ‘द प्लेअर मेड अनवॉन्टेड रेफरन्स टू मदर ऑफ द अंडरसाइन्ड.’ ज्याला बाहेर काढलं तो पोरगा शेजारीच उभा राहून वाचत होता.

“सर, मी आई नाही म्हणालो. आजी म्हणालो.”

काकांनी त्याच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. ‘मदर’च्या आधी बारीक अक्षरात ‘ग्रँड’ घातलं.

“आणखी काही?”

“ती पेनल्टी नव्हतीच री.”

काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि टपरीवाल्याला चहा सांगितला. वन बाय टू.