अण्णांना बसवायचं कसं? नवशिक्या कप्तानांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! धर्मापुरीच्या टीमची कप्तानी तुमच्या गळ्यात पडली आहे. म्हणजे आधीच्या कप्तानाला जे जमलं नाही ते आता तुम्ही करायचं: अण्णांना बसवायचं आणि त्यांच्या जागी त्या एकोणीस वर्षांच्या पोराला ओपनिंगला पाठवायचं. अण्णांनी चाळिशी ओलांडली आहे. कधीकाळी त्यांनी किल्ल्याच्या दिशेने मारलेला सिक्सर अजून खाली आलेला नाही, असं गावात सांगतात. हल्ली ते सिंगल चालत काढतात आणि दुसरी धाव मागणाऱ्याकडे असं बघतात की तो निम्म्यातून परत फिरतो.

परळीच्या औष्णिक केंद्रात हे काम सोपं असतं. जुने संच बंद केले, २५० मेगावॅटचे नवे चालू केले. संच रुसत नाही, संचाचे मेहुणे घरी येत नाहीत. तुमचं तसं नाही. म्हणून खालच्या पायऱ्या नीट वाचा.

१. आधी अण्णांचे उपकार मोजा.
किट बॅग कोणाची? एंट्री फी कोण भरतं? परगावी मॅच असली की पिकअप कोणाचा? तिन्ही उत्तरं 'अण्णा' अशीच आली तर हा कागद घडी घालून खिशात ठेवा आणि अण्णांची बाजू घ्यायला सुरुवात करा. तसं नसेल तर चौथा प्रश्न, तोच खरा: अण्णा ऊसतोडीचे मुकादम आहेत का?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न शुद्ध क्रिकेटचा आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्मी टीम कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यावर जाते, ती उन्हाळ्यात हंगामाचा पट्टा पडल्यावर परत येते. स्पर्धा उन्हाळ्यातच असतात आणि पुढच्या हंगामाच्या उचलीची, म्हणजे मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ पैशांची, बोलणीही त्याच सुमारास सुरू होतात. ज्याची उचल फिटायची आहे तो मुकादमाला बसवा म्हणून हात वर करणार नाही. फार तर त्याच्या बॅटिंगला टाळ्या जरा हळू वाजवील. आणि ओपनिंगला पाठवायच्या पोराच्याच आईबापाची उचल अण्णांकडून असेल, तर पोरालाच विचारून बघा. तो म्हणेल, "अण्णाच खेळू द्या, मी बसतो." इतकी समज त्याला या वयात आली आहे, याचं कौतुक करा आणि विषय सोडा.

२. तुम्ही बसवू नका. अण्णांनी 'स्वतःहून' थांबावं.
ही साऱ्या शास्त्राची किल्ली आहे. आदर्श म्हणून १२ डिसेंबर २०१२ ची भेट अभ्यासा. निवड समितीचे अध्यक्ष संदीप पाटील आणि त्यांचे सहकारी सचिन तेंडुलकरला भेटले आणि पुढचं काय ठरवलंय, एवढंच विचारलं. निवृत्तीचा विचार नाही, असं सचिन म्हणाला. समितीचं मात्र आपसात एकमत झालेलं होतं आणि मंडळालाही कळवून झालं होतं. २३ डिसेंबरला सचिनने एकदिवसीय क्रिकेट सोडल्याचं जाहीर केलं. हा किस्सा पाटलांनी २०१६ मध्ये, खुर्ची सोडल्यावर सांगितला. कारागिरी बघा: कोणीही कोणाला बसवलं नाही. एकाने विचारपूस केली, दुसऱ्याने निर्णय घेतला, आणि सत्य चार वर्षांनी, पगार बंद झाल्यावर बाहेर आलं.

(अमेरिकेत बेसबॉलच्या लू गेरिगने सलग २,१३० सामने खेळून १९३९ साली स्वतःच मॅनेजरला सांगितलं की आज मला बसवा. आजारी होता बिचारा. तब्येत ठणठणीत असताना असं बोलणारा खेळाडू अजून जन्माला यायचा आहे, तुम्ही वाट बघू नका.)

आता हेच स्टँडवरच्या हॉटेलात करा. दोन कट चहा सांगा.

"अण्णा, पुढचं काय ठरवलंय?"
"कशाचं?"
"खेळायचं."
"कामून विचारायलास?"
"असंच."
"ओपनिंगच करतो. वन डाऊनला नवा बॉल भेटत नाही."

चहा संपवा, पैसे अण्णांनाच देऊ द्या, उठा. पहिली फेरी यशस्वी झाली. दुसरी पुढच्या उन्हाळ्यात.

३. विक्रमाची चौकशी करा.
विक्रम जवळ आलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही. सचिनचं ९९ वं शतक नागपुरात १२ मार्च २०११ ला झालं आणि शंभरावं मिरपूरला १६ मार्च २०१२ ला. वर्षभर देश बोटावर मोजत बसला. शंभरावं झालं त्या दिवशी बांगलादेशने आपल्याला हरवलं, पण ते कोणाच्या लक्षात आहे? अण्णांचा विक्रम याहून अवघड आहे. पाचशे सिक्सरला त्यांना चारच कमी आहेत. गेल्या तीन वर्षांपासून चारच कमी आहेत. स्कोअरची वही कुठे आहे म्हणता? अण्णांच्या घरी, कपाटात.

४. पोराला 'तयार' ठेवा.
म्हणजे पाण्याच्या बाटल्या द्या. त्याला चुकूनही वेळ देऊ नका, कारण दिला की पोरं धावा करतात. बीडच्याच सचिन धसचं उदाहरण घ्या. बापाने तेंडुलकरवरून नाव ठेवलेलं. ६ फेब्रुवारी २०२४ ला, १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, बेनोनीला भारत ४ बाद ३२ असताना या गड्याने ९६ काढल्या आणि सामना फिरवला. असं काही आपल्या मैदानावर झालं तर अण्णांना काय तोंड दाखवाल? दहा नंबरचा टी-शर्टही पोराला देऊ नका. पालघरच्या शार्दूल ठाकूरने २०१७ मध्ये श्रीलंकेत तेंडुलकरचा दहा नंबर घातला, तर लोकांनी इतका गदारोळ केला की पुढे त्याला ५४ घ्यावा लागला. खेळाडू निवृत्त झाला तरी त्याचा शर्ट खेळत राहतो.

५. सत्कार करा.
शाल, श्रीफळ, फेटा, आणि वेशीवर अण्णांचा गॉगल घातलेला फ्लेक्स. तेंडुलकरला वानखेडेवर, घरच्या मैदानावर, नोव्हेंबर २०१३ मध्ये २०० व्या कसोटीचा निरोप मिळाला. ७४ धावा आणि साऱ्या देशाच्या डोळ्यांत पाणी. अण्णांच्या डोळ्यांतही येईल. सत्काराला उत्तर देताना ते म्हणतील, "एवढं प्रेम दिलंत, आता अजून पाच वर्षं खेळावं लागंल." तुम्ही टाळ्या वाजवा. अण्णा पॅड बांधूनच स्टेजवर आले होते, हे तुमच्या उशिरा लक्षात येईल.

६. बसवलंच, तर त्या दिवशी अण्णा गावात नसावेत.
अजित आगरकरांच्या समितीने ४ ऑक्टोबर २०२५ ला रोहित शर्माची एकदिवसीय कप्तानी शुभमन गिलला दिली. चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून सात महिनेही झाले नव्हते. २५ तारखेला सिडनीत रोहितने नाबाद १२१ ठोकल्या, वर मालिकावीरही झाला. म्हणून मॅच भर लग्नसराईत ठेवा आणि अण्णांच्या सासुरवाडीची तिथी बघून ठेवा. तरीही ते मांडवातून फेट्यासह मैदानावर आले तर टॉस परत करा.

७. वरचं काहीच जमलं नाही तर.
जमणार नाहीच. पण पोराला तर जागा द्यायची आहे. त्याच्या मामाला तुम्ही शब्द दिला आहे. मग यादी खालून वाचा. सात नंबरला एक चोविसाचा गडी आहे. फिल्डिंग चांगली करतो, बोलत नाही, ना त्याची किट बॅग ना त्याचा पिकअप, आणि त्याच्या नावाचा सिक्सर गावात कोणी सांगत नाही. त्याला बसवा. बैठक नको, चहा नको, फोनसुद्धा नको. मैदानावर आला की बाटल्या कुठे ठेवल्यात तेवढं दाखवा.