सुट्टीच्या दिवशी रजा

2024 साली 14 एप्रिल रविवारी आला आणि धाराशिवातल्या एका कार्यालयात सुतक पाळल्यासारखी शांतता पसरली. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, माझी फाईल अजून तिथंच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून तिथले भाऊसाहेब हळहळले, "यंदाची जयंती वाया गेली बघा."

मला वाटलं, वर्गणी कमी जमली की काय. तसं नव्हतं. रविवारच्या पोटात गेलेली सुट्टी परत मिळत नाही, हे त्यांचं दुःख होतं. 2025 साली तीच जयंती सोमवारी आली, शनिवार-रविवारला जोडून तीन दिवस सुटले आणि भाऊसाहेबांच्या मनात बाबासाहेब आंबेडकरांविषयीचा आदर एकदम दुणावला. यंदा मंगळवार आहे. मधल्या सोमवारची एक किरकोळ रजा टाकली की चार दिवस. मार्च अखेरच्या धावपळीतही सोमवारच्या रजेचे सात अर्ज वेळेत लिहून तयार होते. कोण म्हणतं सरकारी काम वेळेवर होत नाही?

या सुट्टीत एक मेख मात्र आहे. सुट्टी असली तरी तसबिरीला हार घालायला यावं लागतं, तसं परिपत्रकच असतं. मग सकाळी साडेआठला मंडळी जमतात. कपाटामागची तसबीर निघते, फायली पुसायच्या फडक्यानंच पुसली जाते, साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकून तिच्यावर ठेवली जाते. मोबाईलमधल्या त्या खास कॅमेऱ्यानं फोटो काढतात. त्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं उमटतं. अभिवादन झालं की नाही यावर वरच्या कार्यालयाचा विश्वास नसतो, रेखांशावर असतो. फोटो ग्रुपवर पडला की आठ पस्तीसला गाड्या तुळजापूर रस्त्याला लागतात.

एका वर्षी कुणीतरी भक्तिभावानं तसबिरीला कुंकू लावलं होतं. कार्यालयातले शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पुढं झाले आणि खिशातल्या रुमालानं ते पुसून मागं सरकले. बोलले काहीच नाहीत. फोटो मात्र परत काढावा लागला.

या मामांकडं एक काम आहे, जे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नाही. शिवजयंतीचा हार सादिल खर्चातून येतो. जोतिबा फुल्यांचा हार ज्याला आठवण होईल तो आणतो. 14 एप्रिलचा हार मात्र मामा आणतात. कधीपासून? मामा नोकरीला लागल्यापासून. का? असं कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी फक्त जाता जाता म्हणायचं, "मामा, उद्या तुमची जयंती ना?"

"तुमची." या एका शब्दात आपण घटनाकाराची जागा निश्चित केली आहे. महापुरुषांचा सातबारा आपण कधीच फोडला. हे यांच्या वाट्याला, ते त्यांच्या वाट्याला, बांध घातले, वारसनोंदी लावल्या. दुसऱ्याच्या गटात कुणी हार घेऊन शिरला तर "याचं काय काम इथं?" म्हणून बघायचं, नाहीतर निवडणूक जवळ आली का ते तपासायचं.

गंमत अशी, की याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला बाबासाहेब आले होते ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. दोन्ही समाज एका मांडवात! आज असा मांडव घालायचा तर आधी बॅनरवर कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली यावर तीन बैठका होतील.

आणि वतन म्हणजे काय चीज होती? नाव ऐकून वाटतं, जहागीर असेल. थोडीशी इनाम जमीन, बलुत्यातल्या चार पेंढ्या धान्याची आशा आणि त्या बदल्यात दिवसरात्र गावाची आणि सरकारची चाकरी. टपाल न्या, वसुली तालुक्याला पोचवा, मेलेलं जनावर ओढा, मयताचा सांगावा घेऊन परगावी पळा. वतनदार घरी नसेल तर घरातलं दुसरं कुणीतरी जुंपायचं. या नोकरीत रविवार नव्हता, किरकोळ रजा नव्हती, निवृत्ती तर नव्हतीच, कारण बापानंतर पोरगा होता. हे जू काढावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, ते पुढं मागं घ्यावं लागलं. शेवटी ही वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं, 1 ऑगस्ट 1959 पासून. तोवर बाबासाहेबही गेले होते.

मधल्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं असताना कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी देणारी दुरुस्ती 1945 ला झाली आणि आठवड्याचे तास 1946 ला 54 वरून 48 वर आले. तेव्हा भाऊसाहेबांची चार दिवसांची भक्ती अगदीच निराधार नाही. देवाचा गाभारा चुकला असेल, कळस बरोबर धरलाय.

पाट्या बदलण्यात तर आपला हात कुणी धरणार नाही. 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, लेटरहेड, शिक्के, सगळं झटपट. त्याआधी, डिसेंबर 2020 मध्ये, शासनानं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. परवा एका गावात मी समतानगर विचारलं. पारावरचा माणूस गोंधळला. "समतानगर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हंजी... ते पलीकडचं व्हय? सरळ जावा, गाव संपलं की लागतंय."

तर यंदाची बातमी. मागच्या आठवड्यात मामांनी अर्ज दिला. मी तिथंच होतो, माझ्या फाईलची चौकशी करत. वहीतला फाडलेला कागद, अक्षर गोल, खाली पूर्ण सही. "विनंती की दि. 14 एप्रिल रोजी सहकुटुंब कसबे तडवळे येथे जावयाचे असल्याने हार आणण्याच्या कामातून एक दिवस रजा मिळावी."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "मामा, सुट्टीच्या दिवशी रजा कशी मागायलाव? सुट्टीच हाय की त्या दिवशी."

"सुट्टी हाय ना? मग हार कोन आनील?"

"तुम्हीच. आजवर कोन आनत आलं?"

"म्हनूनच अर्ज लिवला, सायेब."

भाऊसाहेबांना यात नियम सापडेना. नागरी सेवा रजा नियमांचं पुस्तक निघालं. हार आणणं हे काम आहे असं धरावं, तर ते मामांच्या कामांच्या यादीत नाही. काम नाही असं धरावं, तर रजा कशातून द्यायची? शेवटी अर्जाला आवक क्रमांक पडला, फाईल साहेबांच्या टेबलावर गेली आणि तासाभरात परत आली. समासात हिरव्या शाईत दोन शब्द होते, "चर्चा करावी."

चर्चेला माणसं मात्र नव्हती. सात जण सोमवारपासून रजेवर, साहेब मुख्यालय सोडण्याच्या परवानगीवर. भाऊसाहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"तुम्ही तर बाबासाहेबांवर दरवर्षी लिहिता. मंगळवारी सकाळी एवढा एक हार आणून दिला असता तर? चौकातच मिळतो, लांब नाही."

मी खिशातला मोबाईल चाचपला. गणपतीपुळ्याच्या खोलीचे पैसे आदल्याच रात्री भरले होते, शनिवार ते मंगळवार.