एकास चौसष्ट

सुपरहिरोंच्या जगात प्रवासखर्च असा कोणाला पडतच नाही. सुपरमॅन मूठ पुढे करतो आणि उडतो. स्पायडरमॅन मनगटातून धागा सोडतो आणि न्यूयॉर्कच्या इमारतींना लोंबकळत फुकटात हवं तिथे पोचतो. थॉरने हातोडा गरगरवला की काम झालं. या सगळ्या बड्या मंडळींत पेट्रोल भरावं लागतं ते बॅटमॅनला. त्याला उडता येत नाही, त्याच्या डोळ्यांतून किरण निघत नाहीत, त्याला कुठला किरणोत्सारी कोळीही चावलेला नाही. आईवडील लहानपणीच गेले, मागे अफाट इस्टेट राहिली आणि त्या इस्टेटीचं पोराने जे केलं ते आपल्याकडच्या एकाही मामाने होऊ दिलं नसतं. फ्लॅट घेतले नाहीत, एफडी केल्या नाहीत. गुहा सजवली आणि गाडी बांधली.

त्या गाडीवर लोक जीव का टाकतात, याचं उत्तर मला तिथेच सापडतं. सुपरमॅनचं उडणं कितीही हप्ते पाडून दिले तरी विकत मिळत नाही. बॅटमॅनची सगळी ताकद मात्र वस्तूंत आहे आणि वस्तू म्हटली की ती आज ना उद्या दुकानात येणार. त्याची जिद्द आपल्याकडे नाही, व्यायाम तर नाहीच नाही. गाडी मिळू शकते. आकाराच्या बाबतीत थोडं जुळवून घ्यावं लागतं, इतकंच.

सुरुवातीला या गाडीत मिरवण्यासारखं काही नव्हतं. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा अवतरला तेव्हा तो चक्क लाल रंगाच्या मोटारीतून हिंडत होता. रात्री अंधारात दबा धरायचा आणि गाडी लाल! ‘बॅटमोबाईल’ हे नाव १९४१ साली पडलं आणि त्याच वर्षी तिच्या नाकावर वटवाघळाचं तोंड आलं, पाठीवर भलामोठा काळा पंख उभा राहिला. पुढे चित्रकार बदलला की गाडी बदलायची. पण लोक जिच्या प्रेमात पडले, ती गाडी कागदावर जन्मली नाही. ती भंगाराच्या वाटेवर सापडली.

जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर बॅटमॅनची मालिका सुरू व्हायची होती. ॲडम वेस्ट बॅटमॅन, बर्ट वॉर्ड रॉबिन. गाडीचं काम आलं जॉर्ज बॅरिस यांच्याकडे. हॉलिवूडसाठी चित्रविचित्र गाड्या बनवून देणं हा त्यांचा धंदा. हाताशी वेळ होता जेमतेम तीन आठवड्यांचा. एवढ्यात नवी गाडी कोण बांधणार? पण बॅरिस यांच्या आवारात ‘लिंकन फ्युचुरा’ नावाची एक गाडी धूळ खात उभी होती. फोर्डच्या लिंकन विभागाने १९५५ साली प्रदर्शनांत मिरवायला ती करवून घेतली होती. इटलीत, तुरिनच्या घिया कारखान्यात, हातांनी घडवलेली, अंगावर दोन पारदर्शक प्लास्टिकचे घुमट. खर्च अडीच लाख डॉलर झाला असं सांगतात. प्रदर्शनं संपली, मग लाल रंग फासून तिला एका सिनेमात काम दिलं, मग तेही संपलं. बॅरिस यांना ती मिळाली एका डॉलरला. हा आकडा वाचून माझ्यातल्या मराठी माणसाला बॅटमॅनपेक्षा बॅरिस यांच्याबद्दल जास्त आदर वाटला.

मग ठोकाठोकी सुरू झाली. नाकाला वटवाघळाचा चेहरा आला, मागचे पंख आणखी उंचावले, अंगभर काळा रंग चढला आणि कडांनी शेंदरी-लाल रेघ फिरली. मागे ज्वाला ओकणारी नळी बसली, शिवाय दोन पॅराशूट. ती उघडायची आणि गाडी जागच्या जागी वळवायची, अशी योजना. पडद्यावर हे सगळं थरारक दिसायचं. प्रत्यक्षात बाई दहा वर्षांची जुनी, प्रदर्शनात उभं राहण्याची सवय लागलेली. चित्रीकरणात तापायची. बॅटरी उतरायची. शेवटी आत दुसऱ्या फोर्डचं इंजिन घालावं लागलं.

आणि ती गुहेतून सुसाट बाहेर पडते तो सुप्रसिद्ध प्रसंग? ती गुहा लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या ब्रॉन्सन कॅनियनमधली. तिचं तोंड इतकं अरुंद की गाडी दोन्ही बाजूंनी घासता घासता राहायची. म्हणून ड्रायव्हर तिला अगदी हळू बाहेर काढायचा, कॅमेरा सावकाश फिरवायचे आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की गाडी बाणासारखी सुटलेली दिसायची. गॉथम शहराचा रक्षक ‘येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, बास’ या चालीवर कामाला निघत होता तर! हे कळल्यापासून माझं त्या गाडीवरचं प्रेम वाढलंच.

तर पडद्यावरची गाडी ही अशी, निम्मी थाप. खरी गाडी त्याच वर्षाच्या शेवटी वेल्समधल्या स्वानसी गावातून बाहेर पडली. कॉर्गी टॉइज, मॉडेल क्रमांक २६७. तळहाताहून थोडी लांब, बिडाची म्हणावी इतकी जड. ही नीट हातात घेऊन पाहण्यासारखी वस्तू आहे. बॉनेटवरचं बारीक बटण दाबलं की नाकातून साखळ्या तोडायचं पातं टचकन वर येतं. बैठकीच्या मागे तीन नळ्या आणि त्यांच्याशेजारी दातेरी चाक. ते अंगठ्याने फिरवलं की पिवळी प्लास्टिकची क्षेपणास्त्रं सुटतात, आणि सोफ्याखाली जातात. गाडी जमिनीवर पुढे ढकलली की मागच्या नळीतून लाल ज्वाला आतबाहेर लपलपते. आत बॅटमॅन आणि रॉबिन, दोघेही समोर बघत, अत्यंत गंभीर. खोक्यात बारा जादा क्षेपणास्त्रं, एका प्लास्टिकच्या काडीला चिकटलेली.

यात एकही थाप नाही. पातं म्हटलं की पातं, ज्वाला म्हटली की ज्वाला. इथे कॅमेऱ्याची चलाखी चालत नाही, कारण सात वर्षांचं गिऱ्हाईक गाडी उलटी करून बुडाशी काय आहे ते बघतं. गंमत अशी की, आज संग्राहक ज्या गाडीला सर्वांत जास्त पैसे मोजतात, ती कोणीच खेळलेली नसते. पहिल्याच खेपेत थोड्या गाड्या चकाकीविना, मंद काळ्या रंगात निघाल्या होत्या. त्यांतली एखादी खोक्यासकट मिळाली आणि बारा क्षेपणास्त्रं अजून काडीलाच लटकत असली, तर माणसं हळवी होतात. मला मात्र अशा गाडीची कीव येते. बाराच्या बारा शिल्लक म्हणजे त्या घरातलं पोर एकतर फार शहाणं होतं किंवा त्याला सदान्‌कदा ताप येत असणार.

पुढच्या गाड्यांचं थोडक्यात सांगतो. १९८९ साली टिम बर्टनच्या सिनेमासाठी अँटन फर्स्टने काढलेली गाडी मला सर्वांत देखणी वाटते. लांब, काळी, पुढे जेट इंजिनासारखं तोंड. खाली मात्र शेव्हर्ले इम्पालाचा सांगाडा. पुढे नव्वदीच्या दशकात सिनेमांनी तिला इतके दिवे लावले की वरातीत पुढे चालवावी. त्यावर मी बोलत नाही. २००५ साली क्रिस्टोफर नोलनने ‘टम्बलर’ आणली, तेव्हा निम्मे चाहते रागावले. ही कसली बॅटमोबाईल, हा तर रणगाडा! सिनेमातही तिला कोणी बॅटमोबाईल म्हणत नाही. पण तिच्या जन्माची हकीकत मला फार आवडते. नोलन आणि कलादिग्दर्शक नेथन क्रॉली यांनी नोलनच्या घराच्या गॅरेजात बसून दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिक मॉडेलांचे सुटे भाग फोडले, याचं नाक त्याला, त्याचं चाक याला असं चिकटवत हा आकार घडवला. मग इंजिनियरांनी त्यावरून अडीच टनांची, खरोखर उड्या मारणारी गाडी बांधली. आणि त्या गाडीवरून पुन्हा खेळणी निघाली. खेळण्यापासून गाडी, गाडीपासून खेळणं! यातली नक्कल कोणती आणि अस्सल कोणती, हे सांगणाऱ्याने सांगावं.

हा प्रश्न एकदा खरोखरच कोर्टात गेला. कॅलिफोर्नियातलं एक गॅरेज बॅटमोबाईलच्या रस्त्यावर चालणाऱ्या, पुऱ्या मापाच्या प्रतिकृती बनवून नव्वद हजार डॉलरच्या आसपास विकत होतं. डीसी कॉमिक्सने दावा लावला. बचाव असा की, मोटार ही वापरायची वस्तू, तिच्यावर कॉपीराइट कसला? शिवाय दर सिनेमात ती वेगळीच दिसते. २०१५ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की ही नुसती मोटार नव्हे, हे एक पात्र आहे. जेम्स बाँडने पोहण्याची चड्डी काढून सूट चढवला म्हणून तो दुसरा माणूस होत नाही, तसंच हिचंही. रूप बदललं तरी स्वभाव तोच. तीन न्यायमूर्ती हे गंभीरपणे लिहून ठेवतात, ही घटना मला फार उपयोगी पडली. घरात नवी खेळण्यातली गाडी आली की मी सांगू लागलो, ही गाडी नाही, पात्र आहे.

“पात्र असेल तर स्वयंपाकघरात ठेवते,” असं उत्तर आलं.

आमच्या शोकेसमधल्या गाड्या बहुतेक हॉट व्हील्सच्या. एकास चौसष्ट म्हणायच्या, पण ते प्रमाण ढोबळच. पाकिटात मावायचं म्हणून सगळ्या साधारण तीन इंची. त्यामुळे वीस फुटी बॅटमोबाईल आणि चिमुकली मिनी शेजारी उभ्या केल्या तर लांबीला जवळपास सारख्याच. हा समाजवाद मला मान्य आहे. छंदात लवकरच दोन तट पडतात. एक, पाकीट फोडणारे. दुसरे, पाकिटाच्या प्लास्टिकला ओरखडा पडला तरी जेवण न जाणारे. तिसरी जात दोन्ही साधते: एक फोडायला, एक ठेवायला आणि आणखी एक कोणाशी तरी बदली करायला. माझा भाचा या तिसऱ्या जातीतला. “मामा, ही लूज ठेवलीस? वेडा आहेस का?” हे तो मला ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात त्याच्या आजोबांनी मला शेअर बाजाराबद्दल ऐकवलं होतं.

बायकोची चौकशी जास्त मुद्देसूद असते.

“अहो, ही होती ना आपल्याकडे?”

“ती सहासष्टची. ही एकोणनव्वदची.”

“आणि ही मागची?”

“तीही एकोणनव्वदचीच. पण तिचं छत उघडं आहे.”

“धूळ दोन्हींवर सारखीच बसते,” असं म्हणून तिने फडकं माझ्या हातात दिलं.

पुऱ्या मापाची गाडी घ्यायची संधी मराठी मुलखातही येऊन गेली. महिंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बीई ६ या विजेच्या गाडीची बॅटमॅन आवृत्ती काढली. नोलनच्या सिनेमांवरून बेतलेली, मंद काळी, अंगावर जागोजागी वटवाघूळ, किंमत एक्स-शोरूम २७ लाख ७९ हजारांपासून. बीई ६ बनते आमच्या चाकणला. बॅटमॅनच्या गाडीला तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून जावं लागणार, हे तिच्या शत्रूंनाही सुचलं नसतं. आधी ३०० गाड्या काढायचं ठरलं होतं, मागणी बघून ९९९ केल्या आणि त्या कंपनीच्या सांगण्यानुसार १३५ सेकंदांत संपल्या. सव्वादोन मिनिटं! आमच्याकडे मिक्सर घ्यायचा तर तीन रविवार चर्चा चालते आणि चौथ्या रविवारी जुनाच दुरुस्तीला जातो. ही ९९९ माणसं कोणाला न विचारता निर्णय घेणारी असणार. त्या रात्री त्यांच्या घरी जेवताना काय बोलणं झालं असेल, त्यावर कोणीतरी एकांकिका लिहावी.

आणि ती मूळची, एका डॉलरची फ्युचुरा? बॅरिस यांनी ती पुढची सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं स्वतःकडेच ठेवली. जानेवारी २०१३ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला तिचा लिलाव झाला. ४२ लाख डॉलरवर हातोडा पडला, दलालीसकट ४६ लाख २० हजार. घेणाऱ्या गृहस्थांना विचारलं, गाडी कुठे ठेवणार? म्हणाले, दिवाणखान्यात, त्यासाठी एक भिंत पाडावी लागेल. म्हणजे हाही आमच्यातलाच. ज्या गाडीच्या लाखो छोट्या आवृत्त्या जगभरच्या शोकेसांत गेल्या, ती स्वतःही शेवटी शोकेसमध्येच निघाली. फक्त या शोकेसचं माप एकास एक.

ही बातमी मी घरात जरा आशेने वाचून दाखवली होती. माझी मागणी काही फार नव्हती. टीव्हीशेजारच्या भिंतीत थोडं खोदून एक काचेचा कोनाडा केला तर दोन डझन गाड्या सहज मावल्या असत्या.

“खोदा की,” बायको म्हणाली. “पलीकडे कुलकर्ण्यांचं देवघर आहे. तेवढं काकूंना विचारून घ्या.”