पुस्तकांचं वाळवण

आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. ते ऑफिसात हेडगुरुजींच्या पाठीमागे उभं असतं, त्यामुळे गोष्टीपर्यंत पोचायचं तर पोराला आधी हेडगुरुजींना वळसा घालावा लागतो. बदली होऊन सिंधुदुर्गातल्या या शाळेत आले तेव्हा आधीच्या बाईंनी किल्ली हातावर ठेवली आणि हळूच सांगितलं, "२१४ पुस्तकं आहेत. उघडू नका. उघडलं की कमी होतात." साठा नोंदवहीत पुस्तक आणि खुर्ची शेजारी-शेजारी बसतात. हरवलं की वसुली आपल्याकडून. खुर्चीचं एक बरं, ती कुणी घरी वाचायला नेत नाही.

या कपाटाला ऋतू दोनच. पाऊस आणि पंधरा ऑक्टोबर.

पाऊस इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं वाटून झाली की कपाट बंद, ते थेट दसऱ्यालाच पूजेसाठी उघडायचं. मधले चार महिने आत वाचन करते ती फक्त बुरशी. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलं. आमच्याकडचे अंक पुष्कळ अलीकडचे आहेत, पण वासावरून सगळे त्याच साली छापल्यासारखे वाटतात.

पंधरा ऑक्टोबर म्हणजे डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. प्रतिमेला हार, कलाम लहानपणी वर्तमानपत्रं टाकत असत यावर चौथीतल्या मुलीचं भाषण, आणि मग मुख्य कार्यक्रम, फोटो. तो दुपारी बाराच्या आत ग्रुपवर जायला हवा. पहिल्या वर्षी माझ्या फोटोवर वरून शेरा आला, "मुलांचे चेहरे दिसत नाहीत." आता वाचणाऱ्याची मान खाली असते, त्याला मी काय करू? दुसरा फोटो काढला. तेवीसच्या तेवीस मुलं पुस्तक छातीशी धरून समोर बघतायत, जणू चोरीच्या मालासकट पकडलीत. हा पसंत पडला. त्यात दोघांची पुस्तकं उलटी आहेत, पण चेहरे स्वच्छ दिसतात.

पुढच्या वर्षी कपाट उघडलं तर पुस्तकं ओली. छपराचं एक कौल सरकलं होतं. हार घालायच्या आधी पुस्तकांना ऊन दाखवणं भाग होतं आणि ऑक्टोबरचं ऊन तर असं, की आमसुलंसुद्धा वाळली असती. पटांगणात ताडपत्री पसरली आणि २१४ पुस्तकं उघडून पालथी घातली. समोरच्या खळ्यात कापणीचं भात वाळत होतं. तिथल्या आजी कुंपणापाशी आल्या. "बाईनु, ह्यां काय सुकत घातल्यात?"

"पुस्तकं."

"मगे राखण ठेवा. कोंबडे येतत."

वाळवणाला राखणदार लागतोच. तिसरीतले चौघे बसवले, हातात एकेक काठी. अर्ध्या तासाने बघते तर काठ्या बाजूला आणि चौघे ताडपत्रीवर आडवे. वाळवणावर बसवलेलं पोर पापडाचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय राहत नाही. इथेही तेच झालं होतं. त्यातला एक आमच्या अहवालात 'वाचनात मागे' म्हणून नोंदलेला. तो बोट ठेवून, ओठ हलवत विहिरीत पडलेल्या राजपुत्राच्या मागे लागला होता. इतका की बकरी आली ते त्याला कळलंच नाही. तिने नेमकं त्याच पुस्तकाचं शेवटचं पान ओढलं. पृष्ठ ३१ आणि ३२. राजपुत्र विहिरीतच राहिला.

पोरगं रडायला लागलं. पान गेलं म्हणून नव्हे, "बाई, तो वर कसा आला?" म्हणून. मला काय माहीत? मी ते पुस्तक मोजलं होतं, वाचलं कुठे होतं?

दुसऱ्या दिवसापासून त्या पुस्तकाला नंबर लागले. प्रत्येकाला ३० व्या पृष्ठापर्यंत वाचून पुढचं स्वतः सांगायचं होतं. एकाने राजपुत्राला जेसीबीने काढला, एकीने आजोबांच्या रापणीच्या जाळ्यात ओढला. सरपंचांच्या नातवाने सांगितलं की ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, मंजुरी यायची आहे. बकरीला शेवट कळला आहे, पण ती सांगत नाही, यावर मात्र सर्वांचं एकमत झालं.

फोटो काढायचं त्या दिवशी राहून गेलं. खुलासा मागवला गेला, तो मी दिला. साठा नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'शेवटचे पान शेळीने खाल्ले' असं लिहून सही केली. बकरी लिहिणार होते, पण सरकारी कागदात शेळी बरी दिसते. पुस्तकाची किंमत बारा रुपये होती, ती भरली.

आता दर ऑक्टोबरात आम्ही वाळवण घालतो, कौल नीट बसलेलं असलं तरी. राखणीला कोण, यावरून भांडणं होतात. एक विनंती मात्र आहे. विहिरीतल्या राजपुत्राची धड प्रत कुणाकडे असेल, तर कृपा करून शेवटच्या पानाची झेरॉक्स आम्हाला पाठवू नये.