पावट्याला रात्र कळते

पावट्याच्या वेलाला माणसाच्या घाईची अजिबात कदर नाही. मिरगाला बी टोचलं की आषाढात तो मांडवाला हात लावतो, श्रावणात मांडव झाकून टाकतो, गणपतीत शेजारच्या पेरूच्या गळ्यात पडतो आणि या सगळ्या काळात फूल म्हणाल तर औषधालाही देत नाही. मुरगुडातल्या आमच्या परड्यात दर भाद्रपदात कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं राहतं आणि निकाल देतं, "ह्यो नुसता माजलाय. काढून टाका की." वेल ऐकून घेतो. दसरा जातो, वेदगंगेकडनं येणारं वारं बोचायला लागतं, संध्याकाळ लवकर दार लावून घेते, आणि मग एका सकाळी त्या हिरव्या अंधारातून पांढऱ्या फुलांचे तुरे उभे राहिलेले दिसतात. त्याला सांगितलं कुणी? दिनदर्शिका तर घरात आहे, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

खरी गोष्ट अशी की पावटा रात्री मोजतो. रात्र त्याच्या मनाजोगती लांबल्याशिवाय तो कळी धरत नाही. त्याआधी कितीही शेणखत घाला, पाला तेवढा वाढतो. शेवंतीचंही तेच. वनस्पतींचा हा हिशेब जगाला उलगडला तो तंबाखूमुळं. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघा शास्त्रज्ञांकडे 'मेरिलँड मॅमथ' नावाचा तंबाखू होता. उन्हाळाभर तो शेतात पुरुषभर उंच व्हायचा, पण फुलायचा नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र मुकाट फुलायचा. सगळे उपाय थकल्यावर त्यांनी उन्हाळ्यातली झाडं दिवस मावळायच्या आतच उचलून अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि भर उन्हाळ्यात फुलं आली. १९२० साली त्यांनी हे छापून जाहीर केलं. दोन गंभीर, चष्मेवाले गृहस्थ रोज उजेडी तंबाखूला झोपवायला निघालेत, हे चित्र मला फार आवडतं. त्यांना चष्मे होते की नव्हते देव जाणे, पण असायला हवेत. निपाणी इथून जवळच. तिथं पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकला, पण त्याला अंथरूण घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ती पाळी माझ्यावर यायची होती. समोरच्या तात्यांनी ओसरीवर नवा दिवा लावला. दिवा कसला, घरचा चंद्रच. पांढराफटक एलईडी, रात्रभर आमच्या कुंपणावर पहारा देणारा. दिवाळी झाली. न्हाणीमागच्या सावलीतल्या शेवंतीला कळ्या आल्या. कुंपणाकडची मात्र हिरवीगार, अजून जूनच चालू असल्यासारखी. तिच्या लेखी रात्र होतच नव्हती. तात्यांना जाऊन सांगावं तरी काय? तुमच्या दिव्यानं आमच्या फुलांची झोपमोड होते म्हणून? तरी गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "वैनी, दिवा घालवला तर चोर येतील. फुलं काय, पुढच्या वर्षी येतील की." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाही चांगला होता.

घरी येऊन ट्रंकेतून आत्तींची काळी चंद्रकळा काढली. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. ओवसायला जाण्यापुरती संक्रांतीला ही साडी नेसायच्या आणि दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा तळाशी. त्या गेल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती. रोज दिवेलागणीला चार काठ्या रोवून ती शेवंतीवर पसरायची, सकाळी दवानं जड झालेली उचलायची, दोरीवर टाकायची. येणारे-जाणारे बघायचे, पण मुरगुडात माणसं असल्या बाबतीत समंजस आहेत. काहीतरी नवस असेल, असं समजून पुढं जायची. संक्रांतीच्या सुमाराला कुंपणाकडची शेवंती फुलली. हळदीसारखी पिवळी. आत्ती असत्या तर कमरेची चंची सोडत म्हणाल्या असत्या, "मला वर्सातनं एकदा नेसाय मिळायची, आन् ह्या झाडाला रोज व्हय गं?" काठापाशी मातीचे डाग पडलेत. ती साडी मी अजून धुतलेली नाही.

तिकडे मांडवावर तोवर शेंगांचा पूर आलेला असतो. अडचण एवढीच की रात्र एकट्या आमच्याच वेलाला कळत नाही. ती सगळ्या गल्लीला एकदम कळते. त्यामुळं मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे जो व्यवहार चालतो, त्याचं अर्थशास्त्र कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही. पलीकडच्या आक्का पिशवीभर पावटा घेऊन येतात. "एवढा मी काय खातो काय? घे गं." कुणाची पिशवी, डबा, पातेलं रिकामं परत धाडायचं नाही हा रिवाज, मग त्यात आपल्या वेलाच्या शेंगा घालायच्या. आक्कांकडे त्या पोचल्या की तिथून त्या मावशींकडे जातात, मावशींकडून मास्तरणींकडे, आणि मास्तरीणबाई संध्याकाळी आमच्या दारात हसत उभ्या असतात, हातात पिशवी. कोण कुणाला काय देतंय हे कुणीच विचारत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याची शेंग जरा जास्त भरदार वाटते, हे मात्र मी पाहिलं आहे. घरात उसळ होते, आमटी होते, पावटेभात होतो, वांग्यात पावटा जातो, भोगीच्या भाजीत तर हक्कानंच जातो. बंगळूरला संक्रांतीच्या आसपास या शेंगेचा खास मेळा भरतो. तिकडे तिला अवरेकाई म्हणतात, आणि लोक पैसे मोजून तिचे डोसे खातात, जिलेबीसुद्धा. गल्लीत हे सांगितलं तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मनातल्या मनात प्रत्येकजण बंगळूरचं गाडीभाडं काढत असावा.

या सगळ्या उलाढालीत खरा कामाचा माणूस एकच, तो काळा भुंगा. ऊन अंगावर आलं की येतो. अंगानं एवढा दांडगा की पावट्याचं फूल त्याच्या वजनानं खाली झुकतं. तो पायांनी खालच्या पाकळ्या दाबतो, आतून केसर बाहेर येऊन त्याच्या पोटाला पिवळं बोट लावून जातो, आणि हे महाशय तसेच पुढच्या फुलाकडे. सगळं इतक्या घरगुती सवयीनं चालतं की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. त्याच वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसलेला असतो, आणि माव्याच्या मागं मुंग्या. त्या माव्याला खात नाहीत, राखतात. मावा वेलाचा रस पितो, मुंग्यांना त्याच्या अंगातून झरणारा गोड थेंब मिळतो. मी बंबातली राख चाळून सकाळच्या दवावर उधळते. राख तर आभाळातूनही पडते म्हणा. ऊस गेल्यावर रानात पाचट पेटवतात, तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या काडीच्या पापुद्र्या उतरतात. पण त्या राखेला माव्याशी काही देणंघेणं नाही. ती फक्त पांढऱ्या धोतरांवर पडते.

माघ संपत आला की परड्याचा कारभार पालटतो. मेथी-चाकवताचे वाफे रिकामे होतात, कोथिंबीर फुलावर येऊन निरुपयोगी आणि सुंदर होते. शेवग्याच्या बोडक्या फांद्यांना पांढरे घोस लागतात. मोगऱ्याची मात्र याच दिवसांत उपासमार करायची: छाटायचा, पानं ओरबाडायची, पाणी तोडायचं आणि तो पुरता हिरमुसला की मग मुळाशी खत घालून भरपूर पाणी द्यायचं. शिमग्यानंतर तो असा फुलतो की आपल्यालाच आपल्या निर्दयपणाचं कौतुक वाटावं. मोगरा पावट्याच्या मांडवाखालीच आहे. त्याला ऊन हवं, म्हणजे वाळलेला वेल उतरवायला हवा. तसं ठरलंही होतं. पण त्या वेलाच्या एका काडीला शिंजिरानं घरटं टांगलं. कोळिष्टकं, वाळकी पानं, सालीचे तुकडे, कुठल्यातरी वहीचा कागद. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्यानं कचरा अडकलाय. घरटं बांधायचं सगळं काम मादी करते. नर जवळच्या तारेवर बसून जांभळ्या अंगानं चमकतो आणि गातो. पिल्लं उडेपर्यंत मेलेला वेल उभा ठेवायचा, असा निर्णय झाला. मोगऱ्यानं तो निमूट सोसला. पाहुण्यांनी विचारलं, हे वाळकं का ठेवलंय? सांगितलं, भाडेकरू आहेत.

वेल उतरवण्याआधी बियाणं काढायचं. वेलाच्या मधल्या भागातल्या टपोऱ्या शेंगा मुद्दाम न तोडता राखलेल्या असतात. त्या वाजायला लागल्या की सोलायच्या, दाणे उन्हात कडकडीत वाळवायचे, राखेत घोळवून गाडग्यात भरायचे. आत्ती हेच करायच्या, आणि हा पावटा त्यांनी माहेराहून पदरात बांधून आणलेला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशीच गावठी बियाणी राखली म्हणून. वालाच्या कितीतरी जाती त्यांनी जपल्या. बातमी वाचली त्या दिवशी मी माळ्यावरचं गाडगं जरा पुढं सरकवून ठेवलं. पदक नाही तर नाही, निदान उंदरांपासून तरी जपावं.

बी भरपूर आहे. हवं असेल त्यांनी पाडव्यानंतर कधीही यावं, मूठभर घेऊन जावं. मिरगाला टोचा, मांडव भक्कम घाला, वेलावर रात्रीचा दिवा पडणार नाही एवढं बघा. आणि गणपती आले तरी एक फूल नाही, म्हणून मला फोन करू नका.