लाल शनिवार

लिंकन, नेब्रास्का

तीर्थरूप आई-बाबांस,


शनिवारच्या फोटोतली लाल गर्दी पाहून ‘तिकडेही लाल बावट्याचा मोर्चा का रे?’ असं बाबांनी विचारलं. मोर्चा कसला, विद्यापीठाची फुटबॉल मॅच! 1962 पासून इथे मॅचला स्टेडियम दर वेळी हाऊसफुल्ल. त्या दिवशी तेवढ्या जागेत राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर वसतं म्हणतात.

या फुटबॉलचा पायाशी संबंध नावापुरताच. चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी लोळवायचं. बाबा कबड्डीत चढाईवाल्याची कंबर धरायचे ना, तसंच. फक्त हेल्मेट घालून. आणि इथलं दैवत पळणारा नव्हे, पळू न देणारा: एन्डामुकन सू. उंची 6 फूट 4 इंच, वजन 136 किलो.

शेजारचे आजोबा 2009 ची टेक्ससविरुद्धची मॅच सांगायला बसले की चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो. कोल्ट मॅकॉय हा टेक्ससचा चेंडू फेकणारा म्होरक्या, त्याच्या रक्षणाला धिप्पाड गडी. सू त्यांना रेटून आत घुसायचा आणि मॅकॉयला एका हाताने भिरकावून द्यायचा. आजोबा हे आमच्या सोफ्यावरची उशी घेऊन करून दाखवतात. तिची शिवण उसवली आहे. मॅकॉयला साडेचार वेळा पाडलं म्हणे. अर्धं कसं? दोघांनी मिळून पाडलं तर पुण्य निम्मं-निम्मं.

एवढं करून हरले! आपल्या गड्यांना एकही टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) जमला नाही, नुसत्या किकवर 12 गुण. वेळ संपली असं वाटेपर्यंत पंचांनी घड्याळात एक सेकंद परत घातला, टेक्ससने किक मारली, 13-12. यापुढे आजोबा पंचांचा जो उद्धार करतात, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही.

मानाच्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात सू चौथा आला. ते बक्षीस बहुतेक चेंडूवाल्यांच्याच घरी जातं. पण असोसिएटेड प्रेसने वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू त्यालाच ठरवलं. बचाववाल्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला. 2010 मध्ये व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत डेट्रॉइट लायन्सने त्याला दुसऱ्याच क्रमांकावर उचललं. पुढे धसमुसळ्या खेळापायी त्याने दंडही बक्कळ भरले, पण तो अध्याय आजोबा गाळतात.

आता आईचा प्रश्न: ‘शिक्षण किती?’ अगं, त्याची आई शाळेत शिक्षिका! खेळता खेळता त्याने इंजिनिअरिंग कॉलेजातून बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतली. व्यावसायिक खेळात जाताना विद्यापीठाला 26 लाख डॉलर देऊ केले. त्यातले 6 लाख इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीसाठी.

चिरंजीवांनी त्याचं पोस्टर खोलीत लावलंय. त्यांच्या आईने, सुमेधाने, त्याखाली जाड पेनाने लिहून ठेवलंय: ‘आधी डिग्री, मग धडक.’

आपला,
मिलिंद