नवी बांधू की जुनी घेऊ?

मा. शिक्षणमहर्षी साहेब,


नवी शाळा बांधावी की गावातली पंच्याहत्तर वर्षांची जुनी विकत घ्यावी, या विचारानं आपली झोप उडाल्याचं कळलं. मी त्या जुन्या शाळेचा माजी विद्यार्थी. नववीत दोनदा बसल्यामुळे शाळेचा अनुभव इतरांपेक्षा एका वर्षानं जास्त. त्या अधिकारानं न मागता सल्ला देतो.

नवीचं सोपं आहे. जमीन आपल्याकडे आहेच. सातबाऱ्यावर अजून ऊस उभा असला तरी एनए करून घेणं आपल्याला काय अवघड! 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानं दार उघडंच ठेवलंय : अनुदान मागू नका, शाळा काढा. आधी अर्ज, मग इरादापत्र, मग मान्यता. पण इतकं थांबतं कोण? चार खड्डे खणले की ‘प्रवेश सुरू’चा फलक लागतो. आपल्याकडे पाया भरायच्या आधी नर्सरी भरते.

एक काटा मात्र आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा गरिबाघरच्या पोरांना द्याव्या लागतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं नियम बदलला तेव्हा आपण पेढे वाटले होते, आठवतं? सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. आपण त्याच रात्री नकाशावर कंपास फिरवलात आणि प्लॉट मराठी शाळेच्या शेजारीच निवडलात. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. पेढ्यांचा खर्च वाया गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आपला कल जुनीकडे झुकलाय. मोक्याची जागा, स्टँडपासून पाच मिनिटं, रस्त्याला लागून मैदान. आता कायदा म्हणतो, शाळा विकत घेता येत नाही. ती सार्वजनिक न्यासाची. 1950 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना तिथली जमीन विकता येत नाही. पण घाबरायचं कारण नाही. शाळा जागच्या जागी राहते, विश्वस्त तेवढे बदलतात. एकाची तब्येत बिघडते. दुसऱ्याला मुलाकडे पुण्याला राहायला जायचं असतं. तिसऱ्याला एका सकाळी अचानक आपलं वय जाणवतं. तिघांचेही राजीनामे एकाच हस्ताक्षरात येतात. रिकाम्या जागी आपण, वहिनीसाहेब आणि चिरंजीव. मग कलम 22 खाली बदल अर्ज. खरेदीखत नाही, मुद्रांक शुल्क नाही, आणि वर गावाकडून सत्कार : बुडती संस्था वाचवली!

शिक्षकांचं जरा जड जाईल. अनुदानित असल्यामुळे पगार सरकार देतं, ही चांगली गोष्ट; पण सेवाशर्तींच्या 1977 च्या कायद्यामुळे त्यांना मनात आलं म्हणून घरी बसवता येत नाही, आणि मेहुण्यांना मुख्याध्यापक करायचं तर सेवाज्येष्ठतेची यादी आडवी येते. मुलांची काळजी नको. पट आपोआप घसरतो. दोन वर्षं छप्पर गळू द्यावं, मुतारीला पाणी सोडू नये. पालक स्वतःच दाखले न्यायला येतात आणि आपल्याच नव्या शाळेत नाव घालतात. म्हणजे खरं तर नवी की जुनी हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही घ्या.

फक्त एक गोष्ट. ऑफिसात हिरवं लोखंडी कपाट आहे, त्यात जनरल रजिस्टरं आहेत. वाळवीनं कडा खाल्ल्यात, दिसायला रद्दीच. पण 2023 च्या शेवटी आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, 1967 पूर्वीचे कागद हवे होते, तेव्हा याच कपाटापुढे अख्खा तालुका उभा होता. ज्यांनी मुलं कधीच इंग्रजी शाळेत हलवली होती, तेही हात जोडून शिपायाला म्हणत होते, “मामा, आमच्या आज्याचं नाव बघा की.” बांधकामं निघतात तेव्हा पहिला ट्रक अशाच कपाटांचा भरतो, हे मी दुसऱ्या एका गावात पाहिलंय.

त्या रांगेत मीही होतो. रजिस्टर नंबर एकमध्ये माझे वडील सापडले. जन्मतारीख 1 जून. गुरुजींनी त्या वर्षीच्या जवळपास सगळ्याच पोरांना 1 जूनला जन्माला घातलंय. त्याच पानावर चार ओळी खाली आपले वडील आहेत. तारीख तीच. नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलंय : नादार, फी माफ.

कपाटाची किल्ली सध्या शिपायाकडे आहे. ती तेवढी त्याच्याकडेच राहू द्यावी, ही विनंती.

आपला,
एक माजी विद्यार्थी (नववी, दोनदा)